कोड बरोबर असतो, आधी सप्लाय बघा

बीईच्या प्रोजेक्टसाठी मदत मागायला माझ्याकडे जी मुलं येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा कोड ठीकच असतो. तरी येतात ती लॅपटॉप उघडूनच. बोर्ड पिशवीत, वायरी अर्ध्या निघालेल्या आणि स्क्रीनवर कोड. "मॅडम, जरा लॉजिक बघता का? सगळं बरोबर आहे, पण रन होत नाहीये." मी लॅपटॉप बंद करायला लावते, बोर्ड टेबलावर मांडायला सांगते आणि मीटर त्यांच्या हातात देते. कंट्रोलरच्या, म्हणजे कोड चालवणाऱ्या चिपच्या, सप्लाय पिनवर किती व्होल्ट येतात ते मोज, म्हणते. तिथेच अर्ध्या मुलांचं उत्तर सापडतं.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. कारखान्यांतल्या व्हीएफडी, सर्वो ड्राइव्ह, सीएनसी मशीनची कार्डं, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दुरुस्त करणं हा माझा धंदा. मुलांचे प्रोजेक्ट त्या धंद्यात येत नाहीत, त्याचे मी पैसेही घेत नाही. सुरुवात ओळखीतून झाली. कुणाचा पुतण्या, कुणाची मैत्रीण, कधी माझ्याकडे इंटर्नशिप करून गेलेल्या मुलीचा ग्रुप. आता एकमेकांना सांगून येतात, आणि जानेवारी संपता संपता शनिवारी संध्याकाळी टेबलाभोवती उभं राहायला जागा नसते. मला ते मनापासून आवडतं. ज्यांना सातपूरपर्यंत येणं जमत नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

दिंडोरीकडच्या एका ग्रुपचं उदाहरण देते, कारण त्यात जवळजवळ सगळं आलं. चौघं होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. एकाच्या घरी द्राक्षाची बाग. शेतीची थ्री-फेज आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते, मग वडिलांना मोटर चालू करायला अंधारात विहिरीवर जावं लागतं. म्हणून मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची, आणि लाइट आली की मेसेज यायचा, असा प्रोजेक्ट. गाइडनी विचारलं होतं, असे मोबाइल स्टार्टर बाजारात मिळतात, मग यात नवीन काय? प्रश्न चुकीचा नाही, पण माझं मत वेगळं आहे. बावीस वर्षांच्या मुलाने बाजारात मिळणारी वस्तू स्वतः बनवली, तिच्यातला प्रत्येक पार्ट तिथे का आहे हे त्याला सांगता आलं, तर शेवटच्या वर्षाकडून याहून जास्त काय पाहिजे? नवीन काहीतरी पाहिजे या हट्टापायी नावात आयओटी आणि एआय घुसडलेले, आणि आत काहीच नसलेले प्रोजेक्ट मी फार पाहिलेत.

त्यांचं दुखणं असं होतं: जीएसएम मॉड्युल, म्हणजे सिम घालून मेसेज पाठवणारा बोर्ड, चालू व्हायचं, त्यावरचा लाइट लुकलुकायचा, आणि थोड्या वेळाने मॉड्युल आपोआप रीस्टार्ट व्हायचं. पुन्हा तेच. मॉड्युल सिम ८०० एल, तो छोटा लाल बोर्ड, जो प्रत्येक कॉलेजात असतो. मुलांनी कोडमधली लायब्ररी बदलून पाहिली होती, बॉड रेट म्हणजे डेटाचा वेग बदलून पाहिला होता, नवीन मॉड्युलही आणलं होतं. १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्यापुढे एलएम २५९६ चा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा बोर्ड, त्याचं आउटपुट ४.१ व्होल्टला सेट केलेलं. "मॅडम, सप्लाय बरोबर आहे. मीटर ४.१ दाखवतोय, हलत पण नाही."

मीटर खोटं बोलत नव्हता, पण त्याला दिसत नव्हतं. जीएसएम मॉड्युल टॉवरशी बोलतं ते सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. दर ४.६ मिलिसेकंदांत साधारण ०.५८ मिलिसेकंद ते पाठवतं, आणि तेवढ्या वेळात दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. डीटी ८३० सारखा पिवळा मीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, तोही सरासरी काढून. अर्ध्या मिलिसेकंदाचा खड्डा त्याला कुठून दिसणार? म्हणून स्कोप लावला, म्हणजे व्होल्टेजचा ग्राफ दाखवणारा ऑसिलोस्कोप. मुलांनी प्रोबची ग्राउंड क्लिप बक कन्व्हर्टरच्या उण्यावर लावली आणि टोक मॉड्युलच्या अधिक पिनवर. खड्डा दिसला, पण लहान. मग मी क्लिप काढून मॉड्युलच्याच ग्राउंड पिनवर लावायला सांगितली. आता खड्डा पार ३.२ पर्यंत खाली. या मॉड्युलला किमान ३.४ व्होल्ट लागतात, डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, स्पष्ट दिलंय. म्हणजे टॉवर शोधताना मॉड्युलने जोर लावला की त्याचाच सप्लाय बसत होता.

पहिल्यांदा खड्डा लहान का दिसला, हे त्या मुलीने न सांगता ओळखलं. "मॅडम, उण्याच्या वायरीत पण ड्रॉप आहे." बरोबर. दोन्ही बाजूंना त्या बारीक रंगीत जंपर वायरी होत्या, वीस-वीस सेंटिमीटरच्या, वर ब्रेडबोर्डचे, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या बोर्डाचे, सैल झालेले स्प्रिंग. जाऊन-येऊन सगळं मिळून अर्धा ओहम धरा. दोन अँपिअर गुणिले अर्धा ओहम, एक व्होल्ट तिथेच गेला. अकरावीत शिकलेला ओहमचा नियम, पण वायरीलाही रेझिस्टन्स असतो हे पेपरात कुणी विचारत नाही. वायरी काढून जाड आणि बोटभर लांबीच्या टाकल्या, थेट सोल्डर केल्या, मॉड्युलच्या पिनांना लागून १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेला, कपॅसिटर लावला. रीस्टार्ट बंद. कोडची एक ओळही बदलली नव्हती.

तरी मेसेज जाईना. लाइट सेकंदाला एकदा लुकलुकत होता, म्हणजे नेटवर्क शोधतोय पण मिळत नाही. रजिस्टर झाला की तो तीन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मी विचारलं, सिम कुणाचं? जिओचं. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं ते थेट ४जी वर, त्यात २जी नाहीच, आणि सिम ८०० एल फक्त २जी बोलतं. कितीही वेळ ठेवलं असतं तरी ते लागलं नसतं. एकाने स्वतःच्या फोनमधलं एअरटेलचं सिम काढून घातलं. लाइट संथ झाला, आणि थोड्याच वेळात माझ्या फोनवर मेसेज आला: मोटर ऑन. चौघं जी ओरडली, त्याने शेजारच्या गाळ्यातला टर्नर बघायला आला.

या गोष्टीत मदत म्हणून मी काय केलं? स्कोप दिला, क्लिप हलवायला सांगितली आणि सिम कुणाचं ते विचारलं. बाकी त्यांचं त्यांनी केलं. मदत एवढीच असावी असं माझं मत आहे.

सप्लायचे बाकीचे रोग थोडक्यात सांगते. ७८०५ ला, म्हणजे पाच व्होल्ट काढून देणाऱ्या रेग्युलेटरला, १२ व्होल्ट देऊन त्यातून अर्धा अँपिअर ओढायचा असेल, तर सात व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, साडेतीन वॅट उष्णता होते. हीटसिंक नसताना त्या पार्टचं तापमान वॅटमागे साधारण ६५ अंश चढतं. गुणाकार करा. दोनशेच्या वर जातं, म्हणून तो आतूनच स्वतःला बंद करतो, गार झाला की पुन्हा चालू होतो. मुलांना वाटतं प्रोग्रॅम हँग होतोय. पार्टला बोट लावून बघा, पटकन काढाल. दुसरा रोग ब्रेडबोर्डचा: लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटक असतात. वरच्या अर्ध्यात पाच व्होल्ट, खालच्या अर्ध्यात काहीच नाही. रेघ छापताना मध्ये सोडलेली फट नीट पाहिली तर दिसते. तिसरा, दोन वेगळे सप्लाय वापरले आणि त्यांचे ग्राउंड एकत्र जोडलेच नाहीत. या तिन्हींसाठी लॅपटॉप लागत नाही.

कोड ठीक असतो म्हटलं, त्याला एक ठरलेला अपवाद आहे. ईएसपी ३२ या वायफायवाल्या कंट्रोलरवर सेन्सरचं अॅनलॉग रीडिंग छान येतं, आणि वायफाय चालू केलं की रीडिंग गायब. सेन्सरची वायर बहुतेक वेळा २५, २६ किंवा २७ नंबरच्या पिनवर असते. त्या पिना दुसऱ्या एडीसीच्या (अॅनलॉग व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग), आणि वायफाय चालू असताना तो एडीसी वायफायच्या कामाला लागलेला असतो. वायर ३२ ते ३९ मधल्या पिनेवर न्या, पिन नंबर बदला, काम झालं. हे उत्पादकाच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ज्या व्हिडिओवरून सर्किट उचललं, त्यात सांगितलेलं नसतं.

आता दुसऱ्या ग्रुपचं सांगते. यांचा प्रोजेक्ट मला आतापर्यंतच्या सगळ्यांत जास्त आवडला. निफाड तालुक्यातली मुलं, एकाच्या मामांची कांदा चाळ. लासलगावचा भाव पडला की शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत ठेवतो आणि भाव यायची वाट बघतो. तेवढ्यात कांदा सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. यांना चाळीत सेन्सर लावून तापमान आणि आर्द्रता मोजायची होती. गाइडचं म्हणणं, नुसतं मोजण्यात काय आहे, मशीन लर्निंग लावून कांदा कधी सडेल ते सांगा. मुलं माझ्याकडे आली ती मॉडेल कसं बनवायचं हे विचारायला.

मी विचारलं, सेन्सर कोणता? डीएचटी ११, निळा, स्वस्त. चांगल्या चाळीत आर्द्रता किती हवी? ते त्यांनी वाचलं होतं: तापमान २५ ते ३०, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. मग डेटाशीट काढून त्यांनाच वाचायला लावली. आर्द्रतेची अचूकता अधिक-उणे पाच टक्के. म्हणजे सेन्सरने ६७ दाखवलं तर खरी आर्द्रता ६२ ही असू शकते आणि ७२ ही. तुम्हाला जो पट्टा ओळखायचा आहे तो पाच टक्के रुंदीचा, आणि सेन्सरची चूक दोन्ही बाजू धरून दहाची. त्यावर कुठलंही मॉडेल बसवा, ते सेन्सरच्या चुकाच शिकेल. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "मॅडम, मग आधी सेन्सरच तपासायला पाहिजे ना?"

इथे मी त्यांना मिठाची बरणी दाखवली. स्वयंपाकघरातलं मीठ, त्यात थोडंच पाणी, इतकं की मीठ पूर्ण विरघळणार नाही, ओल्या वाळूसारखं राहील. ते झाकणाच्या बरणीत तळाला घालायचं, सेन्सर वर लटकवायचा, मिठाला टेकू द्यायचा नाही, वायरीचं भोक एम-सीलने बुजवायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. २५ अंशांच्या आसपास बंद बरणीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा हा गुणधर्म आहे, प्रयोगशाळांमध्ये सेन्सर तपासायला तो वापरतात. खर्च जवळजवळ शून्य. मुलांनी हॉस्टेलवर बरणी मांडली. एक डीएचटी ११ दाखवत होता ६९, दुसरा ८०. एकाच बरणीत, एकाच वेळी. त्यांनी फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं होतं: आता कुणावर विश्वास ठेवायचा?

त्यांनी मग एसएचटी ३१ घेतले. त्याची चूक दोन टक्क्यांच्या आसपास, किंमत जास्त, म्हणून तीनच. चाळीत एक तळाजवळ, एक मध्यावर, एक छताखाली. उन्हाळ कांदा चाळीत पडतो एप्रिलमध्ये आणि परीक्षा मेमध्ये, त्यामुळे डेटा थोडेच आठवडे मिळाला. पण तेवढ्यातही दुपारी छताखाली आणि तळाशी किती फरक पडतो, रात्री वारा फिरल्यावर तो किती वेळात भरून निघतो, हे त्यांच्या ग्राफमध्ये लख्ख दिसत होतं. मामांनी तो ग्राफ पाहून पत्र्याखाली उसाचं पाचट टाकलं. मशीन लर्निंग प्रोजेक्टच्या नावात राहिलं, कारण सिनॉप्सिस म्हणजे आराखडा आधीच जमा झाला होता, पण ब्लॅक बुकमधलं, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्टमधलं, सगळ्यांत भरीव प्रकरण मिठाच्या बरणीचं होतं. एक्सटर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, त्यावरच सगळ्यात जास्त वेळ प्रश्न विचारले, असं मुलांनी नंतर सांगितलं.

म्हणून गाइड होणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे: मोजण्याला कमी लेखू नका. एखाद्या ग्रुपने वर्षभरात एकच गोष्ट नीट मोजली, मोजमापात चूक किती हे सांगितलं, तर तो प्रोजेक्ट झाला. आणि कपाटात कुलूपबंद असलेले स्कोप मुलांच्या हातात द्या. मुलं मला सांगतात की कॉलेजात चांगले स्कोप आहेत, पण लॅब पाचला बंद होते आणि शनिवारी उघडत नाही. प्रोब मोडेल ही भीती मला समजते. माझ्याकडेही मोडतात. प्रोब नवीन येते. शेवटचं वर्ष परत येत नाही.

२३० व्होल्टबद्दल मात्र मी कडक आहे, आणि तशीच राहणार. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या साध्या बोर्डवर, मेनची वायर सोल्डर केलेला बोर्ड घेऊन कुणी आलं, तर मी त्याला सप्लाय देऊ देत नाही. दिंडोरीच्या ग्रुपला रिलेने, म्हणजे छोट्या व्होल्टेजवर चालणाऱ्या स्विचने, स्टार्टर चालवायचा होता. त्यांचा रिले तो नेहमीचा निळा, पाच व्होल्टचा. त्याच्यावरच लिहिलेलं असतं, १० अँपिअर २५० व्होल्ट एसी. शेतावरच्या थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते. म्हणजे स्टार्टच्या बटणाला समांतर तो रिले लावला, की त्याच्या कॉन्टॅक्टवर त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येणार. एखाद दिवशी कॉन्टॅक्ट चिकटेल, मोटर बंद होणार नाही, किंवा आतून ठिणगी उडी मारून पाच व्होल्टच्या बाजूला येईल, आणि त्या बाजूला कुणाचा तरी हात असेल. मी त्यांना २४ व्होल्ट कॉइलचा एक जुना कॉन्टॅक्टर (मोटर चालवायचा मोठा रिले) दिला आणि म्हटलं, डेमो यावर करा, पुढे शेतावर लावायचा असेल तेव्हा वायरमनला बरोबर घ्या आणि मध्ये योग्य रेटिंगचा रिले टाका. आणि स्कोपची ग्राउंड क्लिप आत अर्थला जोडलेली असते. ती मेनच्या फेजला लावली की सरळ शॉर्ट. हे मी प्रत्येक ग्रुपला सांगते, त्यांना माहीत असलं तरी सांगते.

पैसे देऊन तयार प्रोजेक्ट घेणारी मुलंही येतात. प्रोजेक्ट, रिपोर्ट, पीपीटी, सगळं एका पॅकेजमध्ये मिळतं, आणि एक्सटर्नलच्या दोन दिवस आधी तो बंद पडतो. या मुलांचा मला राग येत नाही. आठव्या सेमिस्टरला प्लेसमेंटची धावपळ, काहींची इंटर्नशिप दुसऱ्या गावी, ग्रुपमधले दोघं फिरकत नाहीत, आणि शिकवायला कुणी नाही. पण विकणाऱ्याने मुख्य आयसीवरचा नंबर ब्लेडने घासून काढलेला असतो, सर्किट डायग्राम दिलेली नसते, आणि त्या मुलांच्या हातात असं काही राहत नाही ज्याला धरून ती शोधायला सुरुवात करतील. असा बोर्ड मी दुरुस्त करून देत नाही. त्याऐवजी विचारते, यातला कुठला एक भाग तुम्हाला स्वतः बनवता येईल? एका ग्रुपने फक्त रिलेचा भाग नवीन बनवला. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टन्स, एक डायोड, एक रिले. एवढंच. पण त्यातला प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः काढला होता.

तो हिशोब इथे देतेच, कारण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न हमखास येतो: बेसचा रेझिस्टन्स एक किलोओहमच का? उत्तर "असाच लावतात" असं असू नये. रिलेची कॉइल ७० ओहमची, पाच व्होल्टला सुमारे ७१ मिलिअँपिअर घेते. आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाची पिन तेवढं देऊ शकत नाही, ४० ही तिची शेवटची मर्यादा, म्हणून मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर. तो १०० मिलिअँपिअरपर्यंत चालतो. त्याला पूर्ण ऑन करायचा तर बेसला कलेक्टरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढा करंट द्यायचा, म्हणजे चार ते सात मिलिअँपिअर. पिनवर पाच व्होल्ट, बेसवर ०.७ जातात, उरले ४.३. भागिले एक किलोओहम, ४.३ मिलिअँपिअर. बसलं. डायोड कशाला? रिले बंद होताना कॉइल उलटं व्होल्टेज मारते, ते ट्रान्झिस्टरला मारू नये म्हणून १ एन ४००७ उलटा लावायचा. त्या ग्रुपने हे फळ्यावर लिहून दाखवलं, बाकीचा प्रोजेक्ट विकत घेतलाय हे गाइडना आधीच खरं खरं सांगितलं, आणि पास झाले. त्यातला एक मुलगा आता अंबडच्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत आहे, वायरिंग तपासतो, आणि अजून फोन करतो.

पार्टची खरेदी फेब्रुवारीच्या आत उरका. नाशिकमध्ये बऱ्याच गोष्टी मिळतात, नाही मिळाल्या तर पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकल बदलून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. पुण्याची मुलं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ जातात. सेन्सर आणि मॉड्युल जोडीने घ्या. एक जळतंच, आणि दुसरं असलं की आपला सर्किटचा दोष की पार्टचा, हे अदलाबदल करून लगेच कळतं. एक मीटर मात्र ग्रुपचा स्वतःचा हवा.

आता मेसेज कसा करायचा ते सांगते. "मॅडम प्रोजेक्ट चालत नाहीये, प्लीज हेल्प" अशा मेसेजला मी उत्तर तरी काय देणार? मागच्या वर्षी एका मुलीने असं लिहिलं होतं: अडॅप्टर १२ व्होल्ट, बकमधून ४.१, मॉड्युलच्या पिनवर मीटरने ४.०५, एअरटेलचं सिम, लाइट सेकंदाला एकदा, साधारण मिनिटभराने रीस्टार्ट, वायरी जंपरच्या. सोबत हाताने काढलेल्या सर्किटचा फोटो. काय करायचं ते मला तिला एकाच ओळीत सांगता आलं, आणि तिला सातपूरला यावंही लागलं नाही. हाताने काढलेलं सर्किट मी मुद्दाम मागते. पेन्सिलने वायर ओढताना ती कुठून कुठे जाते हे डोळ्यांखालून जातं, आणि ग्राउंड जोडायचा राहिला असेल तर तिथेच सापडतो.

शनिवारी संध्याकाळी सहानंतर या. बोर्ड वायरी जोडलेल्या अवस्थेत, डब्यात घालून आणा, पिशवीत कोंबून नको. ज्या पार्टची डेटाशीट वापरली तिची प्रिंट किंवा फोनमध्ये फाइल असू द्या. ग्रुपमधल्या निदान दोघांनी यावं, एकाने मोजावं, एकाने लिहून घ्यावं. स्कोप एकच आहे आणि तो दिवसभर कारखान्यांच्या कार्डांवर असतो, म्हणून तो लागणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, मी टेबल मोकळं करून ठेवते.